डोळा दिसायची वाट बघू नकोस

उपग्रहचित्रात हरिकेनचा (अमेरिकेकडच्या चक्रीवादळाचा) मधला शांत, गोल डोळा दिसेपर्यंत निम्मा खेळ झालेला असतो. त्याआधीच मायक्रोवेव्ह चित्रं, म्हणजे ढगांच्या आरपार बघणारी उपग्रहचित्रं, उघड. वरच्या ढगांखाली पावसाचं कडं पूर्ण जुळलेलं दिसलं, तर वादळ भडकायच्या बेतात आहे असं समज.

२४ तासांत वारा ताशी ५५ किलोमीटरने वाढला की वेगवान तीव्रीकरण. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओटिस वादळ एका दिवसात साध्या उष्णकटिबंधीय वादळावरून थेट पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत गेलं आणि मेक्सिकोतल्या अकापुल्कोजवळ धडकलं. संगणकावर अंदाज बांधणाऱ्या मॉडेलांना पत्ताच नव्हता! म्हणून वादळात शिरून मोजमाप करणारं हरिकेन हंटर विमान आत असेल तेव्हा मॉडेल बाजूला ठेव, केंद्रातला हवेचा दाब घसरतोय का ते बघ.

डोळा विस्कटला की लगेच 'संपलं' म्हणू नकोस. डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीबाहेर नवी भिंत उभी राहत असेल. मग वारा जरा उतरतो, पण पसरतो. फ्लोरिडातल्या नातेवाइकांना मात्र तुझा अंदाज नको, अमेरिकेच्या नॅशनल हरिकेन सेंटरचं ताजं पत्रक पाठव.