सतत मोबाईल वापरल्याने विचार करण्याची आणि नवीन काही सुचण्याची क्षमता कमी होते का?

पूर्वी एका जागी बसून तासभर विचार करता यायचा, आता जरा अडलं की हात मोबाईलकडे जातो आणि नवीन काही सुचतही नाही, असं तुम्ही लिहिलं आहे. मेंदू मंदावला का, अशी तुम्हाला शंका आहे. मला तसं वाटत नाही. डोक्याला मिळणारा रिकामा वेळ गेला आहे, आणि सुचण्याचं बरंचसं काम त्याच वेळात चालतं.

मी भूमिती शिकवतो, त्यामुळे हे रोज समोर दिसतं. एक जुनी रचना घ्या. त्रिकोणाच्या दोन बाजू आणि त्या जिथे मिळतात तिथून निघणारी मध्यगा (समोरच्या बाजूच्या मध्यबिंदूपर्यंत जाणारी रेघ) दिली आहे, त्रिकोण काढा. मुलं एक बाजू काढतात आणि थांबतात, कारण दोन बाजूंमधला कोन माहीत नाही. इथे मध्यगा तेवढीच पलीकडे वाढवली की समांतरभुज चौकोन तयार होतो. त्याच्या अर्ध्या भागात असा त्रिकोण मिळतो, ज्याच्या तिन्ही बाजू आपल्याला माहीत आहेत: दिलेल्या दोन आणि मध्यगेची दुप्पट. पुढचं काम सोपं. पण ती वाढवलेली रेघ दिलेल्या माहितीत कुठेच नसते, ती सुचावी लागते. जे लगेच फोनवर उत्तर बघतात त्यांना ते समजतं, वहीतही नीट उतरतं. मात्र पुढच्या वेगळ्या आकृतीत ते पुन्हा तिथेच अडतात. अडून बसणं हाच अभ्यासाचा मोठा भाग आहे, आणि नेमका तोच त्यांनी गाळलेला असतो.

फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे यांनी १९०८ साली आपला अनुभव मांडला होता. एका प्रश्नावर बरेच दिवस झटल्यावर ते सहलीला गेले, गणित डोक्यातून गेलं, आणि बसच्या पायरीवर पाय ठेवताना एकदम मोठी कल्पना सुचली. याचा अर्थ ‘आराम करा, आपोआप सुचेल’ असा लोक काढतात, तो मला पटत नाही. आधी झटल्याशिवाय असं काही सुचत नाही, हे प्वांकारे यांनीच बजावलं आहे. पण त्या पायरीवर त्यांच्या हातात फोन असता तर?

चालण्याबद्दल २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी केलेले प्रयोग मला महत्त्वाचे वाटतात. साध्या वस्तूंचे नवे उपयोग सुचवायला सांगितल्यावर चालणाऱ्यांना बसलेल्यांपेक्षा बऱ्याच जास्त कल्पना सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालतानाही. एकच बरोबर उत्तर असलेल्या कोड्यांत मात्र चालणारे किंचित मागे पडले. म्हणजे कल्पना शोधताना चाला, ती तपासताना बसा. फोन नुसता टेबलावर असला तरी बुद्धी कमी चालते, असा २०१७ चा एक अभ्यास फार सांगितला जातो. नंतरच्या प्रयोगांत तो परिणाम दर वेळी दिसला नाही, म्हणून मी त्यावर भर देत नाही. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलेली गोष्ट जास्त उपयोगाची आहे: अर्धवट काम सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच रेंगाळतो. तुमच्या प्रत्येक ‘जरा बघतो’ची किंमत ही आहे.

तंत्रज्ञान सरसकट वाईट, असं मी म्हणणार नाही. जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये आकृतीतला एखादा बिंदू हलवून ‘काय बदललं, काय तसंच राहिलं’ हे बघताना मुलं कधी कधी फळ्यासमोर बसल्यापेक्षा जास्त विचार करतात. तिथे प्रश्न त्यांच्याच हातात असतो.

तुम्ही एवढं करून बघा. अडलात की उत्तर शोधण्याआधी नेमकं कुठे अडलं ते एका वाक्यात कागदावर लिहा. मग उठून चालायला जा, फोन घरी ठेवून आणि कानात काही न घालता. सुरुवातीला फार कंटाळा येईल, तो येऊ द्या. परतल्यावर तो कागद समोर घेऊन पुन्हा बसा, आणि तरीही सुटलं नाही तर खुशाल उत्तर बघा. तोवर तुम्ही इतके त्या प्रश्नात शिरलेले असाल की त्यातली कोणती पायरी आपल्याला दिसली नव्हती, हे तुम्हाला लगेच कळेल.