तबकडी रंगवून घ्यावी का?

प्रश्न : वडिलांचं १९६०च्या दशकातलं ओमेगा सीमास्टर घड्याळ विकायचंय. सराफ बाजारातले कारागीर म्हणतात, तबकडी रंगवा, केस (घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच) पॉलिश करा, मग भाव येईल. आत्ताच विकू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी त्यांना थांबवा! रंगवलेली तबकडी संग्राहक भिंगाखाली लगेच ओळखतो. अक्षरं जाड, मिनिटांच्या रेघा वाकड्या. पॉलिशने पट्ट्याजवळच्या धारदार कडा गोल होतात, त्या परत येत नाहीत. झाकण उघडवून यंत्रावरच्या क्रमांकाचा फोटो मात्र काढून ठेवा. भाव ठरवताना मागितलेल्या किमती नव्हेत, झालेले सौदे पाहा. २०२२च्या सुरुवातीचे घड्याळांच्या भावांचे चढे आकडे विसरा. ते मुख्यतः रोलेक्स, पाटेक फिलिप अशा महागड्या ब्रँडच्या नव्या मॉडेलांचे होते. नड नसेल तर थांबायला हरकत नाही, पण पावसाळ्याआधी झाकणाचं जुनं रबर बदला. ओल शिरली की तबकडीवर डाग पडलाच.