कपाटाच्या दारांसाठी लाकूड: आधी चौकट, मग जात

ओक घ्यावं की मेपल, हा प्रश्न नंतरचा. दार पिळणार की नाही, ते चौकटीच्या पट्ट्या ठरवतात. फळीचं टोक पाहा: वाढीची वर्तुळं पृष्ठभागाला जवळपास काटकोनात असतील आणि रेषा लांबीभर सरळ असतील, तीच फळी उभ्या-आडव्या पट्ट्यांना. नक्षीदार, वळणदार रेषांची फळी मधल्या पॅनेलला ठेवा. ते चौकटीच्या आतल्या कडेच्या खाचेत मोकळंच असतं.

२० मिमी तयार जाडीसाठी किमान २५ मिमीची फळी लागते. एकदम रंधून पूर्ण जाडीला आणू नका. २-३ मिमी राखून काही दिवस हवा खेळेल अशी उभी ठेवा, वाकायचं ते वाकू द्या, मग शेवटचा हात. ओलावा मीटरने तपासा. गरम ठेवलेल्या कोरड्या घरात ६ ते ८ टक्के ठीक, दमट हवेत थोडा जास्त.

पॅनेलला खाचेत गोंद लावला की ते आकसताना तडकतं. रुंदीत दोन्हीकडे २-३ मिमी जागा सोडा आणि जोडण्याआधीच त्याला पॉलिश करा, नाहीतर हिवाळ्यात कडेला कोरी पट्टी उघडी पडते.

रंग द्यायचा असेल तर ओक टाळा, छिद्रं दिसत राहतात. मेपल त्याला उत्तम, पण गडद स्टेन (लाकडात मुरणारा रंग, रेषा झाकत नाही) त्यावर डागाळतो.