‘ॲटॉल’ म्हणजे कंकणद्वीप?

प्रश्न असा आहे: मालदीववर लिहिताना ‘ॲटॉल’साठी ‘कंकणद्वीप’ आणि ‘लगून’साठी, म्हणजे त्याच्या आतल्या पाण्यासाठी, ‘खाजण’ वापरावे का?

‘कंकणद्वीप’ शाळेच्या भूगोलातून रुळला आहे आणि चित्रही छान उभे करतो. अडचण ‘द्वीप’ची आहे. ॲटॉल हे एक बेट नसते. समुद्रातून वर आलेले ते प्रवाळाचे गोलसर कडे असते आणि त्या कड्यावर, कधी आतल्या पाण्यातही, वाळूची अनेक बेटे असतात. मालदीवच्या दक्षिणेकडच्या हुवदु या ॲटॉलमध्ये अडीचशेच्या आसपास बेटे आहेत. ‘हुवदु कंकणद्वीपावरील बेटे’ लिहिले की वाक्य अडखळलेच. म्हणून ॲटॉलला ‘प्रवाळकंकण’ म्हणावे आणि ‘बेट’ हा शब्द कोरड्या जमिनीपुरता ठेवावा.

‘खाजण’ मात्र नकोच, पाठ्यपुस्तकात असला तरी. कोकण-गोव्यात खाजण म्हणजे खाडीकाठची खारी, सखल जमीन. बांध घालून तिथे भात पिकवतात. प्रवाळकंकणातले पाणी मालदीवमध्ये कित्येक ठिकाणी ४०-५० मीटर खोल असते आणि कड्यातल्या खिंडींतून भरती-ओहोटी वाहते. त्याला ‘लगून’च म्हणावे.

‘ॲटॉल’चा मूळ शब्द मालदीवच्या दिवेही भाषेतला आहे आणि मराठी वाचकाला तो इंग्रजी वाचकापेक्षा जवळचा वाटावा. रोमन लिपीत तो ‘एटीएचओएलएचयू’ असा लिहितात, म्हणून मराठीत ‘अथोल्हू’ होतो. खरा उच्चार ‘अतोळु’. दिवेहीच्या रोमन लेखनात ‘टीएच’ म्हणजे त, ‘डीएच’ म्हणजे द, ‘एलएच’ म्हणजे चक्क आपला ळ. नुसता ‘टी’ म्हणजे ट आणि नुसता ‘डी’ म्हणजे ड. एवढे लक्षात ठेवले की ‘धिवेही’ऐवजी दिवेही, ‘हुलहुमाले’ऐवजी हुळुमाले, ‘फिनोल्हू’ऐवजी फिनोळु (जवळपास उघडी पुळण) असे नीट लिहिता येते. इंग्रजीला जो ळ पेलला नाही, तो आपल्याकडे असताना गमवायचा कशाला?

इंग्रजीत ‘ॲटॉल’ हा शब्द सतराव्या शतकात पोचला; डार्विनच्या १८४२ च्या प्रवाळांवरील पुस्तकानंतर तो शास्त्राचा झाला. दिवेहीतल्या ‘फरु’वरून, म्हणजे प्रवाळभित्तीवरून, ‘फॅरो’ ही संज्ञाही भूगोलात आली: मोठ्या कड्यावर किंवा त्याच्या आत असलेले छोटे कडे. कंकणातले कंकण म्हणा.

अनुवादात आणखी एक चूक हमखास होते. मालदीवमध्ये ‘अतोळु’ हा प्रशासकीय विभागही असतो. काफु, बा, लामु ही विभागांची नावे दिवेहीच्या ताना लिपीतल्या अक्षरांवरून आली आहेत. त्यांच्या सीमा नैसर्गिक कड्यांशी जुळतातच असे नाही. हुवदु हे एकच कडे दोन विभागांत वाटले आहे. तेव्हा मजकूर कारभाराचा असेल तर ‘बा अतोळु’, आणि समुद्राचा असेल तर ‘हुवदु प्रवाळकंकण’.