एमएस्सीची लॅब सुरू होतेय ना? मग हे वाच

एक्सआरडीचं (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासायचं) नंतर बघू. नांदेडला भौतिकशास्त्राला आलायस, तर आधी स्पेक्ट्रोमीटरशी (प्रकाशाचे रंग वेगळे करून त्यांचे कोन मोजायच्या यंत्राशी) गट्टी जमव. सोडियमचा दिवा लावला की आधी लालसर उजेड येतो; पक्का पिवळा होईपर्यंत दहाएक मिनिटं थांब. तेवढ्यात खिडकीतून लांबच्या झाडावर स्पेक्ट्रोमीटरची दुर्बीण फोकस करून घे. पाऱ्याचा दिवा मध्येच बंद करू नकोस, गार झाल्याशिवाय तो परत पेटत नाही. (लाइटच गेली तर इलाज नाही!)

नवी पोरं चुकतात ती इथं:
- लीस्ट काउंट (यंत्रावर मोजता येणारं सगळ्यात छोटं माप) न काढताच रीडिंग घेणं.
- रीडिंग चिठोऱ्यावर लिहिणं. थेट वहीत, पेनानं लिही. चुकलं तर एक रेघ मार.
- उत्तर ५८९३ अँगस्ट्रॉमच (सोडियमच्या पिवळ्या उजेडाची पुस्तकातली तरंगलांबी) यावं म्हणून आकडे फिरवणं. सरांना लगेच कळतं.

अडलास तर लॅबमधल्या मामांना बिनधास्त विचार. कुठल्या टेबलाचा स्क्रू ढिला आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं.