शेत कुणाचं? तेराव्या अध्यायाकडे वळताना

प्रिय,

अनेक उत्तम आशीर्वाद.

घरात मराठी, कामावर इंग्रजी, मित्रमंडळीत हिंदी; सणवार होतात, पण त्यामागचं फारसं काही ठाऊक नाही; मग आपण नेमके कोण, असं तू विचारलं आहेस. आणि ज्ञानेश्वरी वाचायची झाली तर सुरुवात कुठून करावी, हेही. दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे एकच उत्तर आहे. तेरावा अध्याय उघड. पहिल्यापासून क्रमाने जायला हवं असं नाही. बारावा आणि पंधरावा सुटा म्हणायची रीत जुनी आहे, तसाच तेरावाही सुटा वाचता येतो.

गीतेत या अध्यायाचे श्लोक 34, ज्ञानेश्वरीत ओव्या 1169. अठराव्याखालोखाल हाच मोठा. प्रतीप्रतीत एखाद्या ओवीचा फरक पडतो, त्याने गोंधळू नकोस. सार्थ प्रत घे, म्हणजे वर ओवी आणि खाली अर्थ. सोनोपंत दांडेकरांची चालेल, साखरे महाराजांचीही चालेल. मोबाइलवर फिरणाऱ्या सुट्या ओव्यांवर मात्र विसंबू नकोस. ग्रंथ शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला झाला. पुढे पाठात इतकी भेसळ शिरली की शके 1506 मध्ये एकनाथांना तो शुद्ध करावा लागला. ज्ञानेश्वरीच्या पाठात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं.

रोज 25 ओव्या धर. 47 दिवसांत अध्याय पुरा होतो. अर्धा तास लागेल. ओवी आधी दोनदा मोठ्याने वाच, मगच अर्थाकडे बघ. उलट केलंस तर अर्थ हाती लागेल, पण ओवी कधीच तुझी होणार नाही. पहिल्या तीन चरणांना यमक असतं, चौथा आखूड आणि मोकळा. तिसऱ्यानंतर किंचित थांबलं की चौथा आपोआप नेमका पडतो. सप्ताहात सात दिवसांत पोथी पुरी करतात, ती पारायणाची शिस्त वेगळी. तुला आत्ता अर्थाशी रेंगाळायचं आहे.

शब्दांत नवखे लोक ठरलेल्या जागी अडतात. 'कां' म्हणजे प्रश्न नव्हे, बहुतेक वेळा 'किंवा'. 'नातरी' म्हणजे धमकीतलं 'नाहीतर' नव्हे, तर पुढचा दृष्टांत सुरू होतोय याची खूण. 'आथी' म्हणजे आहे, 'आघवें' म्हणजे सगळं, 'पढियें' म्हणजे आवडतं, 'म्हणौनि' म्हणजे म्हणून. एवढ्या पाच-सहा शब्दांनी निम्मी भीती जाते. एका मुद्द्यावर पाच-सात दृष्टांत ओळीने येतात तेव्हा सगळ्यांचा कीस काढू नकोस. ज्याने मुद्दा उजळला तो धर आणि पुढे चल.

आता मूळ गोष्ट. अध्याय सुरू होतो तो शरीराला क्षेत्र, म्हणजे शेत म्हणून. आणि शेत म्हटलं की पहिला वाद मालकीचा. ज्ञानदेव तो वाद अख्खा मांडतात. जीववादी म्हणतात, हे जीवाचं वतन. प्राण इथे आपल्या चार भावांसह राबतो, मन हा कुळवाडी, म्हणजे शेत कसणारा, इंद्रियांची बैलजोडी त्याच्या हाती, आणि तो अवस, म्हणजे अमावास्या, बघत नाही की पहाट, विषयांच्या शेतात सतत औत चालवतो. अवसेला बैल जुंपत नाहीत हे ज्याच्या घरी पाळलं गेलं आहे त्याला ही ओवी लगेच झोंबते. विधीची वाफ, म्हणजे पेरणीचा योग्य ओलावा, चुकवून अन्यायाचं बी पेरलं की पीक कसलं येणार, तेही तिथेच सांगितलं आहे. मग प्रकृती आणि पुरुष मानणारे सांख्य उठतात आणि म्हणतात, मालकी प्रकृतीची. त्यांच्यामागून संकल्पवादी, स्वभाववादी, कालवादी. पाच दावेदार, आणि प्रत्येकाकडे युक्तिवाद आहे.

तुझ्या प्रश्नाचा गुंता इथेच आहे. भाषा म्हणते हा माझा, जात म्हणते माझा, गाव, देश, नोकरी, सगळे दावा लावतात. कोण खरा हे ठरवायची घाई तू करतो आहेस. ज्ञानदेव आधी शेत मोजायला लावतात.

मोजणी छत्तीस तत्त्वांची. पाच महाभूतं; अहंकार, बुद्धी, अव्यक्त (मूळ प्रकृती); दहा इंद्रियं; मन; दहा विषय; आणि इच्छा, द्वेष, सुख, दुःख, संघात (या सगळ्यांची जुळणी), चेतना, धृती. गीतेच्या श्लोकात विषय पाचच आहेत, ते ज्ञानेंद्रियांचे. ज्ञानदेव कर्मेंद्रियांचेही पाच धरतात, म्हणून आकडा 31 वरून 36 वर जातो. हा फरक लक्षात ठेव, नाहीतर दुसरी एखादी टीका शेजारी ठेवून वाचताना हिशेब जुळणार नाही.

वहीच्या एका पानावर ही छत्तीस नावं उभी लिही. रोज रात्री दिवसभरात मनात किंवा तोंडी आलेली, 'मी' किंवा 'माझं' असलेली तीन वाक्यं आठव आणि प्रत्येक वाक्य ज्या नावाखाली बसेल तिथे टाक. 'माझं कुणी ऐकूनच घेत नाही' हे दुःखाखाली. पण मागे 'मी सांगतोय आणि' असं दडलेलं असेल तर अहंकाराखाली. 'मला घरचंच जेवण लागतं' हे इच्छेखाली. 'आम्ही मराठी माणसं अशीच' हे बघ कुठे जातं. पहिल्यांदा बुद्धीखाली टाकशील, दोन आठवड्यांनी जागा बदलशील. तीनच वाक्यं. दहा लिहायला गेलेले लोक आठवड्यात वही सोडतात. आणि ही वही कुणाला दाखवू नकोस, कारण दाखवायची म्हटली की वाक्यं सजू लागतात.

धृतीपाशी मात्र जास्त थांब. पाणी मातीला विरघळवतं, तेज पाण्याला आटवतं, वारा तेजाशी झुंजतो, आकाश वाऱ्याला गिळतं. अशी जातिवंत वैरं असलेली पाच भूतं एका देहात नांदतात, एकमेकांना पोसतात, आणि ज्या बळावर हे घडतं तिचं नाव धृती. तुझ्यात तीन भाषा भांडतात म्हणून आपण तुटलेले आहोत असं तू लिहिलं आहेस. या ओव्या वाचल्यावर ते वाक्य पुन्हा लिहून बघ.

इथे एक चूक हमखास होते. 'म्हणजे देह मी नव्हेच' असं म्हणून लोक झोप, जेवण, घरची कामं, आईबापांचं दुखणं-खुपणं या सगळ्याकडे वैराग्याच्या नावाखाली पाठ फिरवतात. शेत मोजून घेतलं म्हणून पडीक ठेवायचं असतं का? ज्ञान म्हणून पुढे जी लक्षणं येतात ती तर सगळी वागण्याची आहेत.

ती सर्वसाधारणपणे वीस मोजतात आणि पहिलं आहे अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणं. बृहस्पतीच्या तोडीचं ज्ञान असलं तरी मोठेपणाच्या भीतीने जो वेडेपणात दडतो, तो. ओळखीच्या शोधात निघालेल्या माणसाला हे पहिलं वाक्य कडू लागतं. लागू दे. त्यानंतर अदंभित्व, म्हणजे दिखावा नसणं. मग अहिंसा, आणि तिला शंभराहून जास्त ओव्या. केसर चुरगळेल या धाकाने भुंगा कमळावर पाय हळुवार ठेवतो तसं चालणं. आधी स्नेह पाझरतो आणि मागून अक्षरं येतात तसं बोलणं. हा भाग दिवसाला 25 च्या वेगाने नको, दहाच घे. 47 चे 55 दिवस झाले तरी बिघडत नाही.

मग येतं अज्ञान, त्याच लक्षणांची उलटी बाजू, आणि तीही सविस्तर. तिथे प्रत्येक ओवीत शेजारी, नातेवाईक, वरिष्ठ दिसू लागतात. तसं झालं की त्या दिवशी पोथी मिटायची. सणवारांबद्दलही याच भागात बोचणारं लिहिलं आहे: चतुर्थी आली की गणेशाचा, चौदस आली की दुर्गेचा, रविवारी भैरवाला पान वाढायचं, सोमवारी बेल घेऊन लिंगाकडे धावायचं, घरात मूर्ती कोपऱ्यात बसवायची आणि आपण दुसऱ्या देवांच्या यात्रेला निघायचं. याचा अर्थ आजीच्या सोमवाराची टर उडवावी असा नाही. कित्येक आज्या एकच सोमवार पन्नास वर्षं धरून असतात, त्यांच्यावर ही ओवी नाहीच. रोख आहे तो सगळं थोडंथोडं करून कशातच न राहणाऱ्यावर. सण करतोस ते सोडू नकोस. एक निवड आणि त्याचं सगळं शिकून घे: तिथी कशी ठरते, नैवेद्याला काय लागतं, गाणी कोणती, घरात कुणाला येतात.

तेरावा संपला की अठराव्याच्या शेवटाकडे एकदा जाऊन ये. तिथे ज्ञानदेव आपली ओळख देतात, तिचा क्रम बघण्यासारखा आहे. आधी युग, कली. मग महाराष्ट्रमंडळ. मग गोदावरीचा दक्षिण काठ. मग पंचक्रोश क्षेत्र, म्हणजे पाच कोसांचं तीर्थ, आणि तिथली देवता श्रीमहालया. मग न्यायाने राज्य करणारा यादव राजा श्रीरामचंद्र. मग महेशाच्या, म्हणजे आदिनाथांच्या, परंपरेतले गुरू निवृत्तिनाथ. आणि या सगळ्यांनंतर स्वतःचं नाव. संन्याशाची पोरं म्हणून ज्यांना वाळीत टाकल्याचं परंपरा सांगते, त्यांनी नदी, देवता, राजा, गुरू यांतलं काहीच गाळलेलं नाही. फक्त आपलं नाव शेवटी ठेवलं आहे.

याच क्रमाने तूही एक पान लिही. काळ, प्रदेश, जवळची नदी, गावदेवता, ज्यांच्या कारभाराखाली राहतोस ते, ज्यांनी शिकवलं ते, शेवटी नाव. नदीचं नाव आठवलं नाही तर शोध. शिकवणाऱ्यांत शाळेतल्या बाई येतात, तसा हाताला धरून काम शिकवणारा कारागीरही येतो. पान भरताना जिथे अडशील तिथे घरातल्या मोठ्यांना फोन कर. गावदेवता कोणती हे बहुधा आत्याला किंवा काकांना नक्की ठाऊक असेल.

सुरुवात येत्या सोमवारी कर. अध्यायाच्या पहिल्याच ओवीत आत्मरूप गणेशाचं स्मरण म्हणजे श्रीगुरूंचे चरण असं म्हटलं आहे, तिथे 'आत्मरूप' या शब्दावर पेन्सिलीने खूण करून ठेव. पहिल्या आठवड्यात कुठे अडलास ते ओवीच्या क्रमांकासह लिहून पाठव. नुसतं 'समजलं नाही' लिहू नकोस, कोणता शब्द ते लिही.

तुझा,
शुभेच्छुक