पाखरं कमी झाली की नुसती दिसेनाशी झाली?

प्रश्न थोडक्यात असा: यंदा आधी उन्हाच्या लागोपाठ दोन लाटा आल्या, मग ऐन विणीच्या दिवसांत दहा-बारा दिवस पाऊस उघडलाच नाही. त्यानंतर बागेत फुलपाखरं, चतुर आणि लहान पक्षी निम्म्याहूनही कमी दिसताहेत. हे हवामानामुळेच का, आणि गेलेले परत येतील का?

गेली एकोणीस वर्षं मी एकाच वाटेवरून, ठरल्या वेळी चालत किडे आणि पक्षी मोजते आहे. असे दोन-तीन हंगाम मीही काढलेत आणि त्या वेळी माझाही जीव असाच खालीवर झाला होता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गुंता सोडवू. कमी दिसणं वेगळं आणि कमी होणं वेगळं. किड्यांच्या अंगात स्वतःची ऊब नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. म्हणून सकाळी फुलपाखरू पानावर पंख पसरून उन्हाकडे पाठ करून बसतं. अंग तापल्याशिवाय त्याला उडताच येत नाही. पारा १२-१३ अंशांच्या खाली असला की मधमाश्या पोळ्याबाहेर सहसा पडत नाहीत. रातकिड्यांचं तर असं आहे की एका मिनिटात किती वेळा किरकिरतात ते मोजून तापमान सांगता येतं. डॉल्बेअर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने त्याचं सूत्रच १८९७ मध्ये मांडलं होतं. तेव्हा गार, ढगाळ, वाऱ्याच्या दिवशी तुम्हाला किडे दिसले नाहीत तर ते मेले असं नाही. पानाखाली, सालीच्या फटीत, गवताच्या बुडाशी ते गप्प बसलेले असतात.

वाऱ्याच्या दिवशी झाडाच्या आडोशाच्या बाजूला जाऊन बघा. वारा लागणाऱ्या बाजूला काही नसेल, पण आडोशाला चिलटांचे थवे घुटमळत असतील आणि त्यांच्यामागे पक्षीही. भिंगऱ्या कधी आभाळात ठिपक्याएवढ्या दिसतात, कधी जमिनीला घासून उडतात, त्याचं कारणही हेच. ऊन असलं की तापलेली हवा किडे वर उचलून नेते, हवा कुंद झाली की किडे खाली राहतात. पक्षी फक्त अन्नामागे जातो.

ब्रिटनमध्ये १९७६ पासून फुलपाखरांची गणती ठरावीक वाटांवर चालते. तिथला नियम असा की १३ अंशांच्या खाली मोजायचंच नाही, १३ ते १७ अंशांत ऊन असेल तरच, आणि तेही दिवसाच्या मधल्या वेळात. कारण वेगवेगळ्या हवेत मोजलं तर आकड्यात हवाच उतरते, फुलपाखरं नाही. तुमचं निरीक्षण पावसानंतर लगेचच्या आठवड्यातलं असेल तर त्यातला काही भाग असा दिसण्या-न दिसण्याचा आहे, हे धरून चाला. पण सगळा नाही. ऐन विणीत दहा-बारा दिवस पाऊस म्हणजे खरं नुकसान झालंच असणार, आणि ते घरट्यात झालं असणार.

एका वर्षी खिडकीसमोरच्या झाडावर शिंपी पक्ष्याने दोन पानं शिवून घरटं केलं होतं. तीन पिल्लं. उघडीप असायची तेव्हा आईबाप आळीपाळीने यायचे. दर पाच-सात मिनिटांनी चोचीत एखादी हिरवी अळी, नाहीतर छोटा कोळी. मग झड लागली. पिल्लांच्या अंगावर अजून पिसं नव्हती, ती गारठू नयेत म्हणून आई घरट्यावर बसून राहिली. म्हणजे आणणारा एकटा बाप. तो अर्ध्या अर्ध्या तासाने यायचा, पिसं अंगाला चिकटलेली, चोचीत कधी एक चिलट, कधी काहीच नाही. चौथ्या दिवशी दुपारी ऊन पडलं तेव्हा तीनऐवजी दोनच चोची वर आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एकच.

त्या पिल्लांना पावसाने मारलं की उपासाने? दोन्हींनी, आणि ही दोन कारणं वेगळी करता येत नाहीत. गारठ्यात पिल्लाला जास्त अन्न लागतं, त्याच वेळी अळ्या पानांमागे दडलेल्या असतात किंवा धुऊन गेलेल्या असतात, कोळ्यांची जाळी फाटलेली असतात, उडणारे किडे उडत नाहीत. शिवाय एका जोडीला ऊब आणि अन्न यांतलं एकच नीट देता येतं. दाणे खाणारे बरेच पक्षीसुद्धा पिल्लांना किडेच भरवतात. चिमणी आणि सुगरण ही रोजच्या पाहण्यातली उदाहरणं. अमेरिकेत चिकडी नावाच्या, चिमणीहूनही लहान पक्ष्यावर झालेल्या अभ्यासातला अंदाज सांगते: एक वीण वाढवायला त्या जोडीला ६ ते ९ हजार अळ्या लागतात. एका घरट्याला! यातले चार दिवस गेले तर ते कुठून भरून निघणार?

उडते किडे खाणाऱ्यांचं दुखणं त्याहून मोठं. १९७२ च्या जूनमध्ये ॲग्नेस चक्रीवादळाचा पाऊस अमेरिकेच्या पूर्व भागात दिवसेंदिवस राहिला आणि पर्पल मार्टिन या मोठ्या भिंगऱ्यांची पिल्लंच काय, मोठे पक्षीही घरट्यांत उपाशी मेले. २०२० च्या सप्टेंबरात न्यू मेक्सिकोत स्थलांतर करणारे पक्षी मोठ्या संख्येने जमिनीवर मरून पडलेले सापडले. अचानक थंडीची लाट आली होती, पण तपासलेल्या पक्ष्यांच्या अंगावर चरबी नव्हती, स्नायू झिजलेले होते. ते आधीच उपाशी होते, थंडीने उरलेसुरले किडे नेले.

उडते किडे खाणारा पाकोळी हा पक्षी मात्र यातून मार्ग काढतो आणि मला ते दर वेळी थक्क करतं. वादळ येताना दिसलं की मोठ्या पाकोळ्या त्याला वळसा घालून दूर निघून जातात, आणि मागे राहिलेली पिल्लं अंग गार करून, श्वास मंद करून काही दिवस उपाशी तग धरतात. ऑक्सफर्डच्या संग्रहालयाच्या मनोऱ्यात पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९४८ पासून पाकोळ्यांचा अभ्यास केला. खराब उन्हाळ्यात तिथली पिल्लं हळू वाढायची आणि उशिरा उडायची. शिंप्याच्या पिल्लाकडे ही सोय नाही.

आता उन्हाच्या लाटांबद्दल. पक्ष्याच्या अंगाचं तापमान मुळातच ४० ते ४२ अंश असतं आणि त्याला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं हाच मुख्य उपाय, त्यात पाणी खर्च होतं. ऑस्ट्रेलियात जानेवारी २०१० च्या एका लाटेत दोनशेहून अधिक काळे काकाकुवे एकाच भागात मेले. तुमच्याकडे सावली आणि पाणी असेल तर इतकं टोकाचं सहसा होत नाही. किड्यांवरचा परिणाम जास्त छुपा असतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पिठातले किडे पाच दिवस नेहमीपेक्षा ५ ते ७ अंश जास्त उष्णतेत ठेवले. नर जिवंत राहिले, पण त्यांची प्रजा निम्मी झाली. दुसरी लाट दिल्यावर ते जवळजवळ वांझ झाले. तुम्ही दोन लाटा म्हणालात म्हणून हे मुद्दाम सांगितलं. तो किडा पिठातला आहे, तुमच्या फुलपाखरांचं अगदी तसंच झालं असेल असं मी म्हणणार नाही; पण बागेत किडे दिसत असूनही पुढची पिढी रोडावते, ती अशी.

उलटही होतं. कोरडा उन्हाळा म्हणजे किडे कमीच, असं समीकरण नाही. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये वसंत उबदार गेला, मावा बेसुमार वाढला, त्याच्यावर लेडीबर्ड भुंगेरे वाढले. मग दुष्काळाने झाडं वाळली, मावा संपला आणि भुकेलेल्या भुंगेऱ्यांचे लोटच्या लोट गावांत, किनाऱ्यांवर उतरले. पावसाचंही तसंच. सततच्या ओलीत किड्यांना बुरशी लागते, जोराची सर मावा धुऊन टाकते, डासांच्या अळ्या वाहून नेते. पण वाळवंटात पडलेला तोच पाऊस टोळांना उधाण आणतो. २०१८ च्या मे आणि ऑक्टोबरमध्ये मेकुनू आणि लुबान ही दोन चक्रीवादळं अरबस्तानच्या निर्मनुष्य वाळवंटावर बरसली, वाळू ओली राहिली, हिरवळ आली आणि कुणाच्या नजरेस न पडता टोळांच्या तीन पिढ्या वाढल्या. २०२० पर्यंत त्यांची धाड पूर्व आफ्रिकेपासून भारतापर्यंत पोचली होती. टोळ-नाकतोडे उदंड झाले की भोरड्या (साळुंकीच्या कुळातले पक्षी) त्या ठिकाणी जमून वसाहती करतात. एकाच्या कहरावर दुसऱ्याची वीण उभी राहते.

पहिल्या दमदार सरीनंतरची संध्याकाळ आठवा. माती मऊ झालेली, हवेत दमटपणा. वारुळाच्या एखाद्या बारीक भोकातून पंखवाली वाळवी बाहेर पडायला लागते, धुरासारखी. दहा मिनिटांत तारेवर कोतवाल, वेडे राघू येऊन बसतात. खाली साळुंक्या पायाने धावत टिपतात. वर घारीसुद्धा घिरट्या घालत पायांत पकडून उडता उडताच खातात. परिसरातली सगळी वारुळं एकाच संध्याकाळी फुटतात, कारण सगळ्यांना खूण एकच मिळाली: पाऊस. सगळ्यांना खाऊन संपवणं पक्ष्यांना जमत नाही, म्हणून काही जोड्या जमिनीत जाऊन नवं घर करतात. ही सर महिनाभर लांबली तर त्या दिवसांच्या भरवशावर अंडी घातलेल्या पक्ष्याचं काय होईल, याचा विचार करा.

कारण दीर्घ काळात सगळ्यात जास्त घात होतो तो वेळ चुकल्याने. ऑक्सफर्डजवळच्या विटम जंगलात ग्रेट टिट या छोट्या पक्ष्याच्या घरट्यांची नोंद १९४७ पासून आहे. वसंत लवकर उबदार व्हायला लागला तशा ओकच्या पालवीवरच्या अळ्या लवकर यायला लागल्या, आणि तिथल्या टिटनी अंडीही दोन आठवड्यांहून अधिक लवकर घालायला सुरुवात केली. ते तरले. नेदरलँड्सच्या होगे व्हेलुवे जंगलात मात्र अळ्या पुढे सरकल्या आणि टिट बराच काळ जुन्याच तारखांना अंडी घालत राहिले. त्याहून वाईट गत आफ्रिकेतून येणाऱ्या पाइड फ्लायकॅचर या पक्ष्याची. त्याला निघायचा इशारा मिळतो दिवसाच्या लांबीवरून. हजारो किलोमीटर दूर वसंत लवकर आला हे त्याला कळणार कसं? जिथे अळ्यांचा बहर सगळ्यात लवकर ओसरतो, अशा डच जंगलांत त्याची संख्या दोन दशकांत सुमारे ९० टक्क्यांनी घसरली.

आता परत येतील का? किडे बहुधा येतील. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते, दोन चांगल्या पिढ्या मिळाल्या की भर निघते. पक्ष्यांना वेळ लागतो, पण तेही उठतात. १९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात ब्रिटनमधले सुमारे ८० टक्के रेन हे इवले पक्षी मेले आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत ती संख्या पुन्हा भरली. गॅलापगोसच्या डॅफ्ने मेजर बेटावर १९७७ च्या दुष्काळात पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे संशोधक दाम्पत्य मोजत असलेल्या एका जातीच्या फिंच पक्ष्यांपैकी ८५ टक्के गेले. उरले ते बहुतेक मोठ्या चोचीचे, कारण गोखरूच्या जातीची कठीण फळं तेवढेच फोडू शकत होते. १९८२-८३ च्या एल निन्योने पाऊस आणला, अळ्या मुबलक झाल्या आणि त्याच पक्ष्यांनी विणीमागून वीण काढली.

मला काळजी वेगळ्या गोष्टीची वाटते. उठायला जागा लागते. जर्मनीतल्या राखीव क्षेत्रांत उडत्या किड्यांचं एकूण वजन १९८९ ते २०१६ या काळात तीनचतुर्थांशाहून अधिक घटलं. हवामानातल्या बिघाडाने त्याचा उलगडा होतो असा दावा २०२३ मध्ये एका गटाने केला, त्याला इतर संशोधकांनी आक्षेप घेतला. वाद चालू आहे. मला स्वतःला असं दिसलंय की माझ्या वाटेवरच्या ज्या टोकाला पाचोळा, झुडपं आणि रानफुलं टिकली, तिथे वाईट वर्षानंतर किडे वर्ष-दोन वर्षांत परतले. जिथे सगळं साफ करून फवारणी झाली, तिथे हवा चांगली असूनही परतले नाहीत.

म्हणून आत्ता हातात असलेलं करा. या हंगामात कसलीही फवारणी नको, किडे आधीच तळाला गेलेत. पाचोळा झाडाखाली राहू द्या, त्यात कोष आणि अळ्या आहेत. विणीचे दिवस संपेपर्यंत छाटणी थांबवा; पाऊस लवकर उघडला तर अनेक जोड्या दुसरा डाव मांडतात. सावलीत उथळ पाणी ठेवा, रोज बदला.

आणि पुढचे तीन आठवडे, कोरड्या उबदार सकाळी, ठरल्या वेळी अर्धा तास बसून एवढंच बघा: मोठे पक्षी आहेत का, आणि त्यांच्यामागे पंख थरथरवत खायला मागणारी पिल्लं आहेत का. जोड्या आहेत, काही चोचीत अळी घेऊन झुडपात शिरताहेत, तर दुसरी वीण चालू आहे. जोड्या आहेत पण पिल्लं नाहीत आणि चारा नेणंही नाही, तर हा हंगाम वाया गेला, पुढच्या वर्षी पुन्हा बघायचं. मोठे पक्षीच नाहीत, तर पावसाला सोडा आणि आसपास काय तोडलं, काय फवारलं ते शोधा.